अल्गोन्क्विनच्या आडबाजूच्या तळ्यावर कनू घेऊन मुक्कामाला कसं जावं

कॅनडात टोरांटोहून उत्तरेला तीनेक तास गाडी हाकली की अल्गोन्क्विन प्रोव्हिन्शियल पार्क लागतं. 1893 पासून राखलेलं जंगल, आत शेकडो तळी. ती कनूने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, लांबट होडीने पार करायची. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण अस्वलाची चौकशी करतो. अस्वलाचं नंतर बघू. आधी वाऱ्याचा आणि गार पाण्याचा विचार करा.

तळं ठरवा. बुकिंग पाच महिने आधी उघडतं. इथे ठरावीक जागा मिळत नाही, तळं मिळतं. काठावर नारिंगी पाटी दिसली आणि जागा रिकामी असली की तंबू ठोकायचा. त्यामुळे दुपारीच पोहोचावं. दोन तळ्यांमधल्या पायवाटेला पोर्टाज म्हणतात. कनू खांद्यावर घेऊन ती चालायची. स्मोक लेकवरून रॅग्ड लेकला जायला 240 मीटर. तिथून बिग पॉर्क्युपाइनला 590 मीटर, आणि सुरुवातीलाच असा चढ की लोक त्याला डेव्हिल्स स्टेअरकेस, सैतानाचा जिना म्हणतात. बरीचशी गर्दी त्या चढाआधीच थांबते. सामान दोन खेपांत न्यायचं असेल तर प्रत्येक पोर्टाज तिप्पट धरा, कारण मधली रिकामी फेरीही चालावीच लागते.

मे-जूनमध्ये काळ्या माश्या चावून फोडून काढतात. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

सामान. भाड्याने घेताना केव्हलार नावाच्या हलक्या, चिवट धाग्याची कनू मागा, वीसेक किलोंची असते. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि 15 मीटरची तरंगणारी दोरी हे कायद्यानेच लागतं. जॅकेट सीटखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं. आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, तेव्हा लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा. घरून भाजून नेलेला रवा, पातळ पोह्यांचा चिवडा, मेतकूट-भात, शेंगदाण्याचे लाडू: एवढ्यावर दोन दिवस मजेत निघतात.

वल्हवणं. जड पिशव्या तळाशी, मधोमध. कनूत चढताना वाकून, एक हात कनूच्या काठावर ठेवून. पुढचा नुसता वल्हं मारतो, दिशा मागच्याच्या हातात. एकाच बाजूने वल्हवलं की कनू उलट बाजूला वळत राहते. म्हणून मागच्याने वल्हं ओढून कमरेशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवावा, पातं उभं करावं आणि पाणी जरासं बाहेर ढकलावं. अर्ध्या तासात हाताला सवय होते.

मोठं तळं सकाळी लवकर पार करा. दुपारी वारा उठतो. मधून आडवं न जाता काठाकाठाने जा. लाटा आल्या तर सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसा. कनू उलटलीच तर तिला धरून राहा. किनारा वाटतो त्यापेक्षा लांब असतो, आणि गार पाण्यात हातपाय लवकर गारठतात.

मुक्काम. तंबूआधी मान वर करून बघा: वाळलेलं झाड किंवा लटकती फांदी असेल तिथे झोपू नका. अंधार पडण्याआधी खाण्याची पिशवी दोरीने झाडाला टांगा, जमिनीपासून 4 मीटर तरी वर आणि खोडापासूनही दूर. टूथपेस्टही त्यातच. तंबूत मेतकुटाची पुडीसुद्धा नको. अस्वलाचा बंदोबस्त बहुतांशी एवढाच.

तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून किंवा जंतू अडवणाऱ्या फिल्टरमधून काढून प्या, पोट बिघडवणारे जिआर्डियाचे जंतू असू शकतात. भांडी काठापासून लांब घासा. शौचाला झाडीत झाकणाचं लाकडी खोकं असतं, भिंती नाहीत. जळणाला खाली पडलेलं वाळकं लाकूडच घ्या. निघताना शेकोटीवर पाणी ओता आणि राखेला हात लावता येईपर्यंत ओतत राहा.

आत फोनला रेंज मिळेल असं धरू नका. कुठल्या तळ्यावर आहात ते घरी लिहून द्या, आणि परतीच्या दिवशी वारा असला तर मुक्काम वाढेल हेही आधीच सांगून ठेवा. त्यासाठी एक दिवसाचा जास्तीचा शिधा न्या.