जुन्या पंख्याच्या विमानाने डोंगर ओलांडताना सिम्युलेटरमधल्या या चुका टाळा

जुहूहून उड्डाण करून सह्याद्री ओलांडणे हा मुंबईतल्या सिम्युलेटरप्रेमींचा, म्हणजे संगणकावर विमान उडवणाऱ्यांचा, आवडता सराव आहे, आणि त्यामागे खरा इतिहासही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, आणि तेच टपाल पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. एका इंजिनाच्या लाकडी पंख्यावर विसंबून घाटमाथा ओलांडणे म्हणजे काय, याचा थोडाफार अंदाज आज घरातल्या टेबलावर जॉयस्टिक बसवूनही घेता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून डीसी-३, म्हणजे आपल्याकडे डकोटा म्हणून ओळखले जाणारे विमानही आले आहे, आणि त्यामुळे सह्याद्रीनंतर थेट लडाख गाठण्याचा मोह अनेकांना होतो.

त्यानंतरच्या तक्रारी ठरावीक असतात: विमान चढत नाही, इंजिन काही कारण नसताना मंदावते, दरीत वळताना विमान अचानक कोसळते. दोष बहुधा सिम्युलेटरला दिला जातो. माझ्या मते यातल्या बहुतेक प्रसंगी सिम्युलेटर बरोबर असतो, आणि चूक डोंगर काचेत दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, सपाट प्रदेशावर उडत असतानाच झालेली असते. जुन्या पिस्टन इंजिनाकडे शिल्लक शक्ती फार थोडी असते. ती कुठे खर्च करायची, हे आधी ठरवावे लागते.

उंचीचा हिशेब डोंगरापाशी करणे

सह्याद्रीत ही चूक सहज खपून जाते. जुहूपासून माथेरान सुमारे २५ सागरी मैलांवर आहे आणि त्याची उंची जेमतेम ८०० मीटर, म्हणजे सुमारे २६०० फूट आहे. कळसूबाईचे शिखरही १६४६ मीटरच, म्हणजे ५४०० फूट. एवढ्या अंतरात पस मॉथही आरामात पुरेशी उंची गाठते. त्यामुळे चढाईचा दर आणि अंतर यांचे गणित मांडण्याची सवयच लागत नाही, आणि लडाखमध्ये तिचीच उणीव भासते. जमिनीवरचा वेग १२० नॉट (ताशी सागरी मैल) असेल, तर विमान मिनिटाला दोन सागरी मैल जाते. चढाई मिनिटाला ३०० फूट असेल, तर एका मैलामागे मिळतात फक्त १५० फूट. समोरची दरी मैलाला ३०० फुटांनी चढत असेल, तर तुम्ही कितीही कौशल्याने उडवलेत तरी जमीन तुम्हाला गाठणारच. श्रीनगर ते लेह या वाटेवर जोजिला सुमारे ११,५०० फुटांवर आणि फोतु ला सुमारे १३,५०० फुटांवर आहे. या खिंडींकडे चढत जाण्याऐवजी काश्मीर खोऱ्यातच गोल फेऱ्या घेत उंची मिळवावी आणि ती हाती आल्यावरच पूर्वेकडे वळावे.

उष्णता हा या हिशेबातला विसरला जाणारा भाग आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरलेले असते आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरते. त्यापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे हवेची घनता सुमारे १२० फूट अधिक उंचीवरच्या हवेइतकी होते. मे महिन्यात ३३ अंशांच्या दुपारी जुहूची धावपट्टी विमानाच्या दृष्टीने दोन हजार फुटांवरच असते. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. तिथे तापमान २५ अंश असेल, तर इंजिनाला आणि पंखांना ती उंची १४,००० फुटांहून अधिक भासते. पूर्ण इंधन आणि पूर्ण वजन घेऊन तिथून उड्डाण करण्याचा प्रयत्न करू नये. इंधन अंतरापुरते आणि थोडे राखीव ठेवून भरावे.

थ्रॉटल पुढे म्हणजे शक्ती, असे मानणे

डकोटाच्या प्रत्येक ट्विन वॉस्प इंजिनाची शक्ती उड्डाणाच्या वेळी १२०० अश्वशक्ती असते, आणि त्यासाठी मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) ४८ इंच आणि २७०० आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवतात. ही मर्यादा काही मिनिटांपुरतीच असते. चढाईला साधारण ३६ इंच आणि २३५० आरपीएम पुरतात. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर असल्यामुळे समुद्रसपाटीजवळ थ्रॉटल (हवेची वाट उघडणारा लीव्हर) पूर्ण उघडणे हानिकारक ठरते, आणि साधारण साडेसात हजार फुटांच्या वर तो पूर्ण उघडला तरी प्रेशर घटतच जाते. ही घट म्हणजे बिघाड नव्हे. शक्ती वाढवताना आधी मिक्स्चर (इंधन आणि हवेच्या मिश्रणाचा लीव्हर), मग पंख्याचा आरपीएम आणि शेवटी थ्रॉटल; कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम, हा क्रम हाताला लागला पाहिजे, कारण कमी आरपीएमवर जास्त प्रेशर देणे हा इंजिन निकामी करण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

डकोटामध्ये मिक्स्चरला ऑटो रिच (आपोआप दाट) आणि ऑटो लीन (आपोआप पातळ) अशा जागा आहेत, त्यामुळे वैमानिकाचे काम हलके होते. टायगर मॉथसारख्या लहान विमानांत मात्र उंचीबरोबर मिक्स्चर हाताने पातळ करावे लागते. पाच-सहा हजार फुटांवर इंजिन खडबडत असेल आणि धूर काळा दिसत असेल, तर प्रथम तिकडे पाहावे. मात्र सिम्युलेटरच्या साहाय्य सेटिंगमध्ये मिक्स्चर आपोआप ठेवण्याचा पर्याय चालू असेल, तर तुमच्या लीव्हरला अर्थच उरत नाही. लीव्हर चालत नाही अशी तक्रार करण्याआधी हे तपासावे.

कार्ब्युरेटरमध्ये साचणारे बर्फ हा या सगळ्यातला सर्वांत फसवा प्रकार आहे, आणि मुंबईकरांना तो पटायला कठीण जातो, कारण बाहेर घाम फुटत असताना इंजिनात बर्फ कसे होईल, असे वाटते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब कमी होतो आणि इंधनाची वाफ होते. या दोन्हींमुळे तिथले तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर सहा-सात हजार फुटांवरची हवा १५ अंशांच्या आसपास आणि ओलाव्याने भरलेली असते, म्हणजे बर्फासाठी अगदी पोषक. स्थिर कोनाच्या पंख्याच्या विमानात आरपीएम हळूहळू उतरतो आणि लक्षण लगेच कळते. डकोटामध्ये गव्हर्नर पंख्याचा कोन बदलून आरपीएम जागच्या जागी ठेवतो, म्हणून आरपीएमच्या तबकडीवर काहीच दिसत नाही. उतरते ते मॅनिफोल्ड प्रेशर आणि त्यामागोमाग वेग. उंची बदलली नाही आणि थ्रॉटलला हात लावला नाही, तरी प्रेशर दोन इंचांनी घटले, तर कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, पूर्ण द्यावी. गरम हवेने शक्ती आधी आणखी कमी होते आणि बर्फ वितळताना इंजिन क्षणभर अडखळते. याच क्षणी घाबरून हीट बंद करणे ही खरी चूक आहे. या सरावासाठी सेटिंगमध्ये बर्फाचा परिणाम पूर्ण चालू ठेवावा. फक्त दिसण्यापुरता ठेवला, तर यातले काहीच शिकता येणार नाही.

वारा कुठून येतो हे न पाहता कड्याकडे जाणे

शाळेच्या भूगोलात वातसन्मुख आणि वातविन्मुख उतार आपण पावसासाठी शिकलो. वैमानिकाला तेच ज्ञान जीव वाचवण्यासाठी लागते. वारा ज्या उतारावर आदळतो तिथे हवा वर चढते, आणि पलीकडच्या उतारावर ती खाली कोसळते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे कोकणातून कड्यांवर आदळतात, म्हणून मुंबईहून पुण्याकडे जाताना कड्यापाशी विमान उचलले जाते, आणि परतताना घाटमाथ्यावर ते दाबले जाते. हिवाळ्यात वारे पूर्वेकडून वाहत असतील, तर चित्र उलटते: कोकणातून जाणारे विमान कड्याच्या अगदी समोर, म्हणजे जिथे उंची सर्वांत जास्त हवी तिथेच, खाली ओढले जाते. मिनिटाला ५०० फूट चढणारे विमान मिनिटाला ७०० फूट उतरणाऱ्या हवेत सापडले, तर नाक कितीही वर केले तरी ते खालीच जाणार. शिवाय वेग घटून स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल अचानक संपण्याची, वेळ येते ती वेगळीच.

म्हणून धारेवर निदान एक हजार फूट, आणि वारा जोरात असेल तर दोन हजार फूट अंतर ठेवावे. धार काटकोनात ओलांडू नये. ४५ अंशांच्या तिरप्या दिशेने जावे, म्हणजे विमान दबू लागताच थोडे वळून सखल प्रदेशाकडे निसटता येते. लेहमध्ये दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून खरी प्रवासी विमाने तिथे मुख्यतः सकाळी जातात. सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हवामान चालू असेल, तर तुम्हीही भारतीय वेळेनुसार सकाळीच निघावे.

दरीच्या मधोमध उडणे

दोन्ही बाजूंना सारखे अंतर ठेवल्याने सुरक्षित वाटते, परंतु परत फिरायची वेळ आली की हाती निम्मीच रुंदी असते. उजव्या किंवा डाव्या उताराला धरून उडावे, शक्यतो हवा वर चढत असलेल्या बाजूने. वळणाचा व्यास प्रत्यक्ष वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तबकडीवर १२० नॉट आणि ३० अंशांचा कल असताना समुद्रसपाटीला विमान सुमारे १३५० मीटर व्यासात वळते. १२,००० फुटांवर तबकडीवर तोच आकडा असला, तरी हवा विरळ असल्याने प्रत्यक्ष वेग १४४ नॉटच्या आसपास असतो आणि व्यास जवळजवळ दोन किलोमीटर होतो. कल ४५ अंशांपर्यंत नेला तर तो ११०० मीटरवर येतो, पण स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. दरीत वळताना विमान कोसळते, ते बहुधा याच कारणाने. वळण्याआधी वेग आटोक्यात आणावा, पाव फ्लॅप (पंखांमागची उतरणारी पट्टी) द्यावा, पूर्ण शक्ती लावावी आणि दरी अरुंद होण्यापूर्वी वळावे. दोन इंजिने आहेत, या भरवशावर राहू नये. भरलेला डकोटा एका इंजिनावर फोतु लाइतकी उंची टिकवू शकत नाही.

तबकड्यांवर डोळे झाकून विश्वास

अल्टिमीटर (उंची दाखवणारी तबकडी) प्रमाण दाबावर, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कलवर ठेवून तसेच उडणारे पुष्कळ आहेत. जुलैत मुंबईचा दाब १००३ च्या आसपास असू शकतो, आणि तेव्हा तबकडी खऱ्या उंचीपेक्षा सुमारे २८० फूट जास्त दाखवते. काही जुन्या विमानांत वेग नॉटऐवजी ताशी मैलांत असतो. १०० मैल म्हणजे फक्त ८७ नॉट. दिशादर्शक जायरो हळूहळू सरकतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी विमान सरळ आणि समतल ठेवून तो होकायंत्राशी जुळवावा.

जॉयस्टिकची संवेदनशीलता कमी करणे आणि रडरला (शेपटीवरच्या सुकाणूला) थोडा मृत पट्टा, म्हणजे किंचित हालचालीला प्रतिसाद न देणारा भाग, देणे, एवढ्याने विमान सतत डोलण्याची तक्रार बहुधा मिटते.

उतरताना घाई

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन लेहच्या कच्च्या पट्टीवर डकोटा उतरवला. तसे उतरायचे असेल, तर आधी इंजिनाची काळजी घ्यावी. थ्रॉटल एकदम मागे ओढून खाली सुटले, की सिलिंडर झपाट्याने थंड होतात आणि पंखाच इंजिनाला फिरवू लागतो. दर १०० आरपीएममागे निदान एक इंच प्रेशर ठेवावे, म्हणजे २००० आरपीएमला २० इंच, आणि काउल फ्लॅप (इंजिनाला थंड हवा देणाऱ्या झडपा) बंद करावेत. आजच्या विमानतळावर पूर्वेकडच्या चढावर, म्हणजे ०७ धावपट्टीवर उतरतात आणि २५ वरून, म्हणजे त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, उलट दिशेने उड्डाण करतात. सिम्युलेटरमध्येही तेच पाळावे. लेहच्या विरळ हवेत तबकडीवर ८५ नॉट असताना जमीन १०५ नॉटांहून अधिक वेगाने मागे पळते. ते पाहून वेग जास्त आहे असे वाटते, आणि आणखी कमी करण्याच्या नादात विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडते. म्हणून तबकडीवरचा आकडाच प्रमाण मानावा. टेलव्हीलचे, म्हणजे शेपटीच्या चाकाचे, लॉक उतरण्याआधी लावलेले असावे. पुढची दोन चाके आधी टेकवावीत, शेपूट आपोआप खाली येऊ द्यावी, आणि विमान माणसाच्या चालण्याच्या वेगावर येईपर्यंत रडर सोडू नये किंवा लॉकही काढू नये.