भिंतीत अडकलेला गंजका आटा टाइल्स न फोडता काढा

जुना नळ बदलताना जीआय निपल (दोन्ही टोकांना आटे, म्हणजे स्क्रूसारखे पेच असलेला लोखंडी छोटा पाइप) तुटतं आणि आट्याचा तुकडा भिंतीतल्या एल्बोत (पाइपच्या काटकोनी जोडात) अडकून बसतो. लगेच टाइल्स फोडू नका.

१. टाकीचा कॉक बंद करा, पाइपमधलं पाणी काढून टाका.
२. हॅक्सॉ ब्लेडला एका टोकाशी कापड गुंडाळा आणि तुकड्याच्या आतून, एकमेकांच्या जवळ दोन सरळ काप द्या. खरी मेहनत इथेच आहे, सावकाश कापा.
३. कापांमधली पट्टी बारीक छिन्नीने आत वाकवा. तुकडा सैल झाला की पकडीने डावीकडे फिरवून काढा.
४. थोडं पाणी सोडून लोखंडाचा कीस धुऊन टाका. मग टेफ्लॉन टेप लावून नवं निपल बसवा.

काप एल्बोच्या आट्यांत खोल जाऊ देऊ नका, नाहीतर तिथूनच गळेल.