आईवडिलांना घेऊन भोपाळ: इंदूरहून एका दिवसाची सहल

इंदूरच्या मराठी घरांतून उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर येथे वरचेवर जाणे होते. परंतु आपल्याच राज्याची राजधानी बहुतेक ज्येष्ठांनी पाहिलेली असते ती वल्लभ भवन या राज्याच्या मंत्रालयातील एखाद्या कामासाठी, कोणाच्या लग्नासाठी किंवा गाडी बदलताना. ज्यांचे बालपण मध्य भारत या जुन्या राज्यात गेले, त्यांच्या आठवणीत उन्हाळ्यात राजधानी इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेश स्थापन झाला आणि तो मान भोपाळला गेला. हे शहर आईला किंवा वडिलांना नीट दाखवायचे असेल, तर एक दिवस पुरतो. मात्र तो त्यांच्या गुडघ्यांना, भुकेला आणि दुपारच्या झोपेला विचारून आखावा लागतो.

वार आधी ठरवावा. सोमवारी जनजातीय संग्रहालय आणि भारत भवन दोन्ही बंद असतात, तर शुक्रवारी ताजुल मसाजिदमध्ये नमाजामुळे इतरधर्मीयांना प्रवेश नसतो, म्हणून हे दोन वार सोडावेत. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच बरा.

जाण्यासाठी दोन मार्ग आहेत. देवास, आष्टा, सीहोर असा रस्ता सुमारे 190 किलोमीटरचा असून थांबत-थांबत गेल्यास चार तास लागतात. इंदूरहून पहाटे सुटणारी वंदे भारत याहून लवकर पोहोचवते. वयस्कर माणसाबरोबर मी रेल्वेच सुचवेन, कारण हवे तेव्हा उठता येते आणि स्वच्छतागृह जवळ असते. वाटेत पेट्रोल पंप शोधण्याच्या संकोचापायी अनेक आया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारपर्यंत त्यांचे डोके दुखू लागते. याच गाडीने परतायचे असल्यास इंदूरला पोहोचेपर्यंत रात्र बरीच होते, हे मात्र आधी सांगून ठेवावे. रात्रीच्या गोळ्या, एक शाल आणि पायमोज्यांचा जास्तीचा जोड हातातल्या पिशवीत असावा. भोपाळमध्ये उतरल्यावर दर ठिकाणी रिक्षा शोधत बसण्यापेक्षा दिवसभरासाठी एकच गाडी ठरवणे थोडे महाग पडले तरी योग्य ठरते.

भोपाळ जंक्शन जुन्या शहरालगत असल्याने सकाळ तेथेच घालवावी. ताजुल मसाजिदचे बांधकाम भोपाळच्या राज्यकर्त्या शाहजहान बेगम यांनी सुरू केले, त्यांच्या निधनानंतर ते अपुरे राहिले आणि 1971 मध्ये पुन्हा हाती घेऊन 1985 च्या सुमारास पूर्ण झाले. अंगण फार मोठे आहे, जोडे बाहेर काढावे लागतात आणि ऊन चढल्यावर फरशी तापते, म्हणून दहाच्या आसपासच जावे आणि पायमोजे चढवून ठेवावेत. तेथून तलावाच्या काठाकाठाने गेल्यास कुदसिया बेगम यांनी 1820 मध्ये बांधलेला गौहर महल लागतो. 1819 ते 1926 या काळात भोपाळवर चार बेगमांनी राज्य केले, हे आईला येथे आवर्जून सांगावे. अहिल्याबाईंच्या गावातून आलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दिवसाचा गाभा मात्र श्यामला हिल्सवरील मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय हा आहे. ते दुपारी बारा वाजता उघडते, त्यामुळे आधी जेवून, अर्धा तास टेकून मगच आत जावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात काचेच्या पेट्या आणि चिठ्ठ्या यांच्यावर भर नाही. गोंड, भील, बैगा, कोरकू, कोल, भारिया आणि सहरिया या समाजांतील कलावंतांनी आपली घरे, देव, लग्नाचे मांडव आणि कथा आपल्याच हातांनी येथे उभ्या केल्या आहेत. आत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम आत शिरल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून दाराशी दोन मिनिटे थांबावे आणि पुढे हात धरूनच चालावे.

पूर्ण आकाराच्या घरांच्या दालनात घाई करू नये. मातीची भिंत, ओटा, चूल आणि धान्य साठवण्याची सोय पाहताना ज्या आईने लहानपणी शेणाने जमीन सारवली आहे, ती सारवणातली बोटांची वळणे पाहत उभी राहते आणि आपल्या माहेरच्या कणगीबद्दल, जात्याबद्दल बोलू लागते. अशा वेळी माहितीचा फलक वाचून दाखवण्यापेक्षा ऐकत राहावे. तिचे माहेर विदर्भातले असेल, तर कोरकू मेळघाटातही राहतात हे तिला बहुधा आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. सगळी दालने पाहण्याचा आग्रह धरू नये. तीन नीट पाहिली तरी पुष्कळ झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. "थकलीस का?" असे विचारले की आपल्या आया नेहमी "नाही गं, चालेल मला" असेच म्हणतात, कारण मुलांचा बेत आपल्यामुळे मोडू नये असे त्यांना वाटत असते. म्हणून तसे विचारूच नये. "मला चहा हवा आहे, जरा बसू या" असे म्हणावे आणि खरोखर पंधरा मिनिटे बसावे. वडिलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण ते थकल्याचे केवळ चाल मंदावल्यावरून कळते.

चारनंतर भारत भवन. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आणि 1982 मध्ये सुरू झालेली ही वास्तू टेकडीच्या उतारावर तलावाच्या दिशेने पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाते, म्हणजे जितके उतरावे तितके परतताना चढावे लागते. गुडघे दुखत असतील, तर रूपंकर हे कलादालन तेवढे पाहावे आणि वरच्याच अंगणात बसून तलाव पाहावा. याच वास्तूच्या बांधकामावर झाबुआ जिल्ह्यातील पिटोलच्या भूरीबाई मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितले आणि पुढे 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंदूरच्या बाजारांतून झाबुआची माणसे आयुष्यभर पाहिलेल्या ज्येष्ठांना ही हकिकत फार आवडते.

बोट क्लब तेथून जवळच आहे. मोठा तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार आहे. नावेत चढता-उतरताना पाऊल घसरण्याची भीती असते, त्यामुळे तोल सांभाळणे जड जात असेल तर काठावरचे बाक अधिक सुखाचे.

याच दिवसात सांची किंवा भीमबेटका कोंबण्याचा मोह होतो, कारण दोन्ही ठिकाणे भोपाळपासून 50 किलोमीटरच्या आत आहेत. तो टाळावा. सांचीचा स्तूप टेकडीवर आहे आणि भीमबेटकाच्या शैलाश्रयांमध्ये खडकांतून चालावे लागते. त्यांच्यासाठी भोपाळला एक रात्र मुक्काम करून दुसरी सकाळ राखून ठेवावी, आणि तीही आई स्वतःहून म्हणाली तरच.