मारुती ८०० चे थकलेले इंजिन: उतरवणे, खोलणे आणि परत बांधणे

हे सगळे १९८६ नंतरच्या, कार्बोरेटरच्या मारुती ८०० साठी आहे. इंजिन एफ८बी: तीन सिलेंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलेंडरच्या आतल्या भोकाचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, कॅम वर आणि तो फिरवायला दातेरी बेल्ट. नंतर आलेल्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांत वायरिंग आणि सेन्सर जास्त आहेत, पण ब्लॉकच्या आतले काम बहुतांशी असेच चालते.

गाडी धूर मारते, ओढत नाही, ऑइल खाते एवढ्यावरून इंजिन उतरवू नका. आधी कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची मधली वायर सोडवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलेंडरला १२ किलोच्या (प्रति चौरस सेंटीमीटर) आसपास दाब येतो. ९ च्या खाली गेला, किंवा दोन सिलेंडरमध्ये एक किलोहून जास्त फरक पडला, की काहीतरी बिघडले आहे. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. दाब चढला तर रिंगा किंवा बोअर गेले, चढला नाही तर वॉल्व्ह बसत नाहीत. शेजारच्या दोन सिलेंडरचा दाब सारखाच पडला असेल तर त्या दोघांमधली हेड गॅस्केट फुटलेली असण्याची शक्यता जास्त. फक्त वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा दोष असेल तर हेड उतरवून काम भागते. अशा वेळी ‘फुल इंजिन काम’ करून घेणे म्हणजे पैसे आणि चांगला ब्लॉक दोन्ही वाया घालवणे.

सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर वॉल्व्ह सील कडक झालेत. चढावर, जोर लावल्यावर सतत निळा धूर आणि ऑइलच्या झाकणातून बॅक कॉम्प्रेशन (उलटा येणारा दाब), ही रिंगांची खूण. गरम इंजिनवर आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रेशर गेज लावून बघा. ३००० आरपीएमला ३ किलोच्या आसपास दाब हवा. तेवढा येत नसेल तर बेअरिंग शेल (क्रँकभोवतीच्या अर्धगोल पट्ट्या), ऑइल पंप आणि गाळणी, तिन्हींवर संशय धरा.

दुसरे इंजिन आणून बसवायचे की आहे तेच बांधायचे, हा प्रश्न इथेच येतो. मुंबईत कुर्ल्याला भंगारात एफ८बी मिळतात, पण इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर जुळत नाही. त्यासाठी बिल, मूळ गाडीची कागदपत्रे आणि आरटीओची नोंद लागते, आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. ज्या इंजिनाचे कागद विकणारा देत नाही ते कितीही स्वस्त असो, घेऊ नका. ब्लॉकला तडा नसेल आणि बोअर ओव्हरसाइझमध्ये (थोडा मोठा कापून) बसत असेल तर आपलाच ब्लॉक बांधणे केव्हाही बरे. शिवाय भंगारातले इंजिन न खोलता बसवले तर एक अनोळखी झिजलेले इंजिन आणले, एवढेच होते.

इंजिन उतरवणे

आदल्या रात्री सायलेन्सर पाइपच्या मॅनिफोल्डवरच्या नटांवर गंज सोडवणारे ऑइल मारून ठेवा. हे नट तुटले की अर्धा दिवस जातो.

बॅटरी काढा. बिजागरीभोवती खडूने खूण करून बॉनेट उतरवा, नाहीतर परत बसवताना फटी जुळत नाहीत. कूलंट, इंजिन ऑइल आणि गियर ऑइल तिन्ही काढून घ्या. गियर ऑइल विसरले की ड्राइव्ह शाफ्ट ओढताच ते सगळे जमिनीवर येते. निघालेले इंजिन ऑइल गाळून कागदावर पसरा आणि उन्हात बघा. पिवळी-तांबूस चमक बेअरिंगची, रुपेरी चमक पिस्टनची, आणि चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा.

एअर क्लीनर, रेडिएटर आणि पंखा काढल्यावर पुढे हात घालायला जागा होते. अ‍ॅक्सिलरेटर, चोक, क्लच आणि स्पीडोमीटरच्या केबल सोडवा. पेट्रोलचे दोन्ही पाइप, येणारा आणि टाकीकडे परत जाणारा, बंद करून बाजूला बांधा. व्हॅक्यूमचे बारीक पाइप एकसारखे दिसतात. प्रत्येकाला आणि तो जिथून निघाला त्या नळीला एकच आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावा, मोबाइलवर फोटोही काढा. हे पाइप उलटसुलट लागले की इंजिन नवे असूनही आयडलला झटके देते, आणि मग सगळे दोष कार्बोरेटरच्या माथी मारले जातात.

डिस्ट्रिब्यूटर काढण्यापूर्वी रोटरचे टोक आणि बॉडीची जागा, दोन्हींवर पंचने खूण करा. ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढा, गियरचे लिंक सोडवा आणि स्टार्टर काढा. गियरबॉक्सखाली जॅक लावून ती आधी इंजिनापासून बाजूला सरकवून खाली उतरवा, मग इंजिन चेन पुलीला टांगून फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरणारे) बोल्ट काढा. इंजिन हलके आहे म्हणून दोघे जण हातानेच उचलतात, पण निसटले तर सम्पचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) पत्रा चेपतो आणि गाळणी आत दाबली जाते. चेन पुलीच वापरा.

खोलताना वाचणे

बहुतेक ठिकाणी इंजिन भराभर खोलून सगळे सुटे भाग एका ट्रेमध्ये टाकतात आणि रॉकेलने धुतात. तिथेच माहितीही धुतली जाते. इंजिन का गेले हे न शोधता बांधले तर नवे पिस्टनही त्याच कारणाने जातील.

हेडचे बोल्ट थंड इंजिनवरच, कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. एकदम सोडले की हेड वाकते. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खाली फीलर गेज सरकवा. ०.०५ मिमीहून जास्त फट असेल तर फेसिंग करा (लेथवर सपाट करून घ्या). रॉकर, त्यांच्या स्प्रिंगा आणि वॉल्व्ह ज्या जागेचे त्याच जागी जावेत म्हणून पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवा. पिस्टन काढण्याआधी बोअरच्या वरच्या टोकाला झालेली कड रीमरने घासून घ्या, नाहीतर पिस्टनवरची रिंगांमधली पट्टी तुटते. कनेक्टिंग रॉड आणि कॅपवर १, २, ३ असे एकाच बाजूला पंच करा. एकाची कॅप दुसऱ्याला लागता कामा नये. मेन बेअरिंगच्या कॅपवरचे बाण पुलीकडे तोंड करून असतात, तेही बघून ठेवा.

आता झीज नीट बघा. तिन्ही बोअर वरच्या भागात जास्त झिजले असतील, पिस्टनच्या स्कर्टवर बारीक उभ्या राखाडी रेघा असतील, तर इंजिनने धूळ खाल्ली. एअर फिल्टर कुजका, त्याचे झाकण ढिले किंवा कार्बोरेटरखालची गॅस्केट फुटकी, यांपैकी काहीतरी सापडेल. कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांत हे कारण सर्वात जास्त दिसते.

एकच बोअर धुतल्यासारखा चकचकीत आणि त्याच पिस्टनवर ओला काळा कार्बन असेल तर पेट्रोलने तिथले ऑइल धुऊन नेले. त्या सिलेंडरचा प्लग किंवा प्लग वायर मारत नव्हती. तिन्ही असे असतील तर चोक अडकलेला.

पिस्टनच्या एकाच बाजूला रुंद खरचटे आणि अ‍ॅल्युमिनियम बोअरला चिकटलेले दिसले तर इंजिन तापून जाम झाले होते. मग ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा बघा. वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरलेल्या गाडीत तिथे क्षाराचा पांढरा थर आणि तांबडा गंज इतका साचतो की मागच्या सिलेंडरपर्यंत पाणी नीट पोचत नाही. वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या चकत्या) काढून आतून खरवडा, नवे प्लग ठोका आणि रेडिएटर उघडून साफ करून घ्या. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आहे, ती पाळू नका. त्याने इंजिन थंडच चालते, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळते आणि बोअर लवकर झिजतात.

शेलवर करडा थर जाऊन तांबे दिसते आहे पण ते सगळीकडे सारखे, तर ती वयाची झीज. तांबे एकाच शेलवर, तेही जळून निळसर, तर त्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) ऑइल पोचत नव्हते. सम्पमधली गाळणी बघा, तिच्यावर काळा चिखल किंवा मागच्या कामातल्या सीलंटचे तुकडे हमखास सापडतात.

मापे आणि लेथचे काम

बोअर डायल गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक जागी लांबीत आणि रुंदीत मोजा. म्हणजे एका सिलेंडरची सहा मापे, तिन्हींची अठरा. सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मापातला फरक ०.१० मिमीपेक्षा जास्त असेल तर नुसत्या रिंगा टाकून उपयोग नाही, बोअर करावेच लागते. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिमीचे येतात. तिन्ही सिलेंडर एकाच मापाचे करा. ०.५० मध्येही बोअर साफ निघत नसेल तर स्लीव्ह (आत नवी नळी) घालून परत मूळ मापावर आणता येते.

पिस्टन आधी विकत घ्या आणि बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा बोअर ०.०४ ते ०.०५ मिमी मोकळीक ठेवून होन केला (दगडाने घासून शेवटच्या मापावर आणला) पाहिजे. ‘०.२५ करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा’ असे म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर ऑइल धरत नाही.

क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजा. गोलाईत ०.०१ मिमीहून जास्त फरक असेल तर ग्राइंड करून ०.२५ अंडरसाइझ शेल टाका. शेलची मोकळीक ०.०२ ते ०.०४ मिमी हवी, ०.०८ ला पोचली की शेल गेला. ती बघायला प्लास्टिगेजची (दाबून किती पसरली त्यावरून फट सांगणारी) पट्टी पुरते.

वॉल्व्ह घासल्यावर सीटवरची पट्टी १.३ ते १.५ मिमी रुंद आणि सलग दिसली पाहिजे. वॉल्व्ह आणि स्प्रिंग बसवून, हेड उलटे ठेवून प्लग लावा आणि चेंबरमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत पोर्टमध्ये ओल उतरली तर परत घासा. वॉल्व्ह सील नवेच टाका.

बांधणे

लेथवरून आलेला ब्लॉक पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसून बांधणे ही नव्या रिंगा खाणारी सर्वात मोठी चूक. होनिंगची भुकटी रॉकेलने निघत नाही, ती रेघांतच बसते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन बोअर घासा, पांढरे फडके फिरवल्यावर पांढरेच निघेपर्यंत. ऑइलच्या गॅलरीत लांब ब्रश घाला आणि हवा मारा. वाळताच ऑइल लावा, उघडा बोअर लगेच गंज धरतो.

शेलची पाठ कोरडी ठेवा, आतल्या बाजूला ऑइल लावा आणि शेलचे भोक ब्लॉकच्या भोकावर आणा. मेन कॅप मधून बाहेर अशा क्रमाने ४३ ते ४८ न्यूटन-मीटरला कसा. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवा. ज्या कॅपला तो जड होतो तिथेच थांबा आणि कारण शोधा.

रिंग आधी नुसती बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तोंडातली फट मोजा: ०.१५ ते ०.३५ मिमी. कमी असेल तर कानसीने हळूच घासा, कारण गरम झाल्यावर टोके भिडली की रिंग तुटते. रिंगेवरचे अक्षर वरच्या बाजूला, तोंडे एकमेकांपासून १२० अंशांवर, पिस्टनच्या डोक्यावरचा बाण पुलीकडे. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर नुकत्याच ग्राइंड केलेल्या क्रँकवर चरा उठतो. रॉडचे नट २८ ते ३२ न्यूटन-मीटर.

हेड गॅस्केट कोरडी बसवा, तिला कुठलेही सीलंट लावू नका. बोल्टांच्या भोकांतले ऑइल-पाणी हवेने काढा, ते दाबले जाऊन ब्लॉक तडकतो. मध्यापासून कडेकडे, २०, ४० आणि शेवटी ५५ ते ६० न्यूटन-मीटर अशा तीन फेऱ्या. इथे टॉर्क पानाच हवा, अंदाजाचा हात चालत नाही.

टायमिंग मिळवताना कॅमच्या पुलीवरची खूण मागच्या पत्र्यावरच्या खुणेला आणि क्रँकच्या पुलीवरची खूण ऑइल पंपावरच्या बाणाला आणा. नवा बेल्ट चढवा, टेन्शनरचे बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगला ताण घेऊ द्या, क्रँक सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत जुळल्या तरच बोल्ट कसा. टॅपेटची (रॉकर आणि वॉल्व्हमधली) फट थंड इंजिनवर ०.१३ ते ०.१८ मिमी. फायरिंगचा क्रम १-३-२, एक नंबर सिलेंडर बेल्टच्या बाजूचा. डिस्ट्रिब्यूटरच्या गियर केसमध्ये थोडे ऑइल ओतायला विसरू नका, कोरडा गियर पहिल्या मिनिटातच खाल्ला जातो.

इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचे मागचे ऑइल सील, वॉटर पंप, फाउंडेशनचे रबर आणि झिजलेली क्लच प्लेट बदला. नंतर एवढ्यासाठी परत गियरबॉक्स उतरवावी लागते.

पहिला स्टार्ट आणि रनिंग

२०डब्ल्यू-४० ऑइल सुमारे ३ लिटर, डिपस्टिक बघून. प्लग न लावता स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून चालू करा. आयडलला तासभर चालवत ठेवणे ही जुनी सवय चुकीची आहे. त्यात रिंगा बोअरवर दाबल्याच जात नाहीत आणि होनिंगच्या रेघा गुळगुळीत होतात. गळती आणि पंख्याचा कट-इन बघून झाला की गाडी रस्त्यावर काढा. पहिले १००० किमी ताशी ६० च्या आत, पण एकाच वेगाने नाही. तिसऱ्या गियरमध्ये मध्यम जोर द्या, मग पाय उचला, असे वारंवार करा. भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

५०० किमीला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. थोडी बारीक रुपेरी धूळ चालते, तांबूस कण चालत नाहीत. १००० किमीला इंजिन थंड असताना टॅपेट परत तपासा आणि कॉम्प्रेशन मोजून तिन्ही आकडे गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. तोवर रिंगा बसलेल्या असतात. ऑइल अजूनही कमी होत असेल तर आधी सील आणि ब्रीदरचा (इंजिनातली हवा बाहेर सोडणारा) पाइप बघा, मगच हेडला हात लावा.