सोरायसिस आहे आणि हुर्राकचा सीझन आलाय? मग या चुका टाळा

एप्रिल-मे म्हणजे आमच्या गोव्यात फोंड्याकडे हुर्राक (काजूच्या रसाची हलकी दारू, हिचीच पुढे कडक फेणी होते), लिम्का, मीठ, मधोमध चिरलेली मिरची आणि कुणाच्या तरी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, बसलेली मंडळी. मला सोरायसिस, म्हणजे कातडीवर खाजरे, कोंडा सुटणारे चट्टे उठण्याचा आजार, होऊन नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली चार वर्षं मी दर जूनला कोपरावरचे आणि डोक्यावरचे चट्टे पेटले की पावसाला शिव्या घालायचो, मलम बदलायचो, शाम्पू बदलायचो, आधीच्या दोन महिन्यांत ग्लास किती झाले ते मात्र एकदाही मोजलं नाही.

आधीच सांगतो, दारूमुळेच सोरायसिस होतो असं नाही, आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही होतो आणि तो संसर्गजन्य तर अजिबातच नाही. पण ज्याला आहे त्याचा दारूने भडकू शकतो, कारण शरीरात आधीच चालू असलेली सूज वाढते, रक्तवाहिन्या फुलतात, रात्री खाज सुटते. आणि खाजवून कातडी सोलली की तिथे नवा चट्टा उठू शकतो, म्हणजे झोपेत आपणच आपलं काम वाढवून ठेवतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "फेणी नॅचरल रे, बियर वाईट". याला थोडा आधार आहे म्हणूनच ही समजूत टिकून आहे. २०१० साली अमेरिकेतल्या ८२ हजारांवर नर्सेसचा एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला पाच किंवा जास्त साध्या बियर पिणाऱ्या बायकांना सोरायसिस होण्याचा धोका जास्त दिसला, लाइट बियर, वाइन आणि हार्ड ड्रिंक्समध्ये तसा दिसला नाही. पण तो अभ्यास आजार नव्याने होण्याबद्दल होता, ज्याला झालाय त्याने काय प्यावं याबद्दल नव्हता, आणि फेणीचं तर त्यात नावही नाही! हिशोबच करायचा तर असा करा: ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बियरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ४२.८ टक्क्यांच्या फेणीच्या ६० मिलीत २० ग्रॅम, म्हणजे फार फरक नाही. हुर्राक हलकी लागते म्हणून पाण्यासारखी जाते, आणि घरगुती भाटीवरची किती कडक आहे ते बाटलीवर लिहिलेलंही नसतं.

दुसरी चूक फेणी चोळायची. सर्दीला छातीला, गुडघ्याला चोळतात तशी आमच्या एका मावशीने माझ्या चट्ट्यांवर चोळली होती, प्रेमानेच, पण मी अर्धा तास अंगणात नाचत होतो. कातडी आधीच कोरडी आणि फाटलेली, त्यावर स्पिरिट टाकून ती अजून सुकते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, ते पुरे.

आता जिथे खरंच जिवावर बेततं ते. डॉक्टरने विचारलं की आपण "कधीतरी, लग्नाबिग्नात" म्हणतो. पण मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसवरची गोळी चालू असेल तर ती आणि दारू दोन्ही लिव्हरवरच पडतात, आणि सोरायसिसवाल्यांमध्ये फॅटी लिव्हर आधीच जास्त दिसतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि बरेचजण नेमका शनिवार-रविवार ठरवतात, मग पार्टी आली की गोळी चुकवतात आणि सोमवार-मंगळवारी दोन एकदम घेतात. असं करूच नका, जास्त झालेला डोस घातक ठरू शकतो. किती पिता ते खरं सांगा, ब्लड टेस्ट चुकवू नका. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसवरचं दुसरं औषध घेणाऱ्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी तर दारू पूर्ण बंदच ठेवायची, कारण दारूमुळे ते औषध अशा रूपात बदलतं जे शरीरात खूप काळ राहतं आणि गर्भाला धोका असतो. सांधे दुखतात म्हणून पेनकिलर आणि वर पेग, हेही पोटाला महागात पडतं.

"महिनाभर सोडून बघितली, काही फरक नाही" असं म्हणणारेही भेटतात. त्या महिन्यात मलम नियमित लावलं होतं का? पिऊन आलेल्या रात्री मलम कोण लावतो, मी तरी नाही लावायचो. म्हणून दर रविवारी त्याच उजेडात चट्ट्याचा फोटो काढा, खाली किती ग्लास आणि किती दिवस औषध चुकलं ते लिहा, दोन-तीन महिने. माझं गणित असंच सुटलं, तुमचं वेगळं निघू शकतं.

आणि रोज भरपूर पिणारा कुणी हे वाचून आज रात्रीच एकदम बंद करणार असेल तर थांबा. हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. आधी डॉक्टरला गाठा, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात व्यसन सोडवण्याचे उपचार मिळतात, आणि जाताना सोरायसिसच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, तिथल्या डॉक्टरला ते दिसायला हवं.