फॉर लूप: मोजून काम करून घ्यायचं असेल तर

पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) नुकतं शिकायला घेतलंय आणि फॉर लूपवर, म्हणजे एकच काम परत परत करून घेणाऱ्या कोडवर, गाडी अडली असेल तर हे वाचा भो. किती वेळा करायचं ते आधीच माहिती असेल तर फॉर, नाहीतर व्हाइल (अट खरी असेपर्यंत फिरणारा लूप), एवढं सध्या पुरे.

आता रावेरकडच्या केळीचंच घ्या. ५० फुटाची ओळ, दर ५ फुटावर एक रोप, पहिलं अगदी ० वर, तर कुठे कुठे रोप येईल ते छापायचंय. लिहायचं असं, फॉर आय इन रेंज (आय म्हणजे i, त्यात दर फेरीचा आकडा येतो), मग कंसात ०, ५०, ५, शेवटी कोलन, आणि खालच्या ओळीत चार स्पेस सोडून प्रिंट, कंसात आय. रन केलं की ०, ५, १० करत ४५ वर थांबतं, ५० वालं रोप गायब! कारण रेंजमधला दुसरा आकडा कधीच धरला जात नाही, त्याच्या आधीच लूप संपतो. म्हणून तिथं ५१ टाका, मग ११ रोपं बरोबर येतात (१० नाही हां, दोन्ही टोकं धरायची).

तिसरा आकडा म्हणजे उडी, नाही दिला तर १ धरतो. पहिला पण नाही दिला तर ० पासून सुरू, म्हणजे रेंज ५ म्हटलं की ० ते ४. उलटं मोजायचं तर उडी उणे द्या, १०, ०, -१ दिलं की १० ते १.

एकूण बेरीज हवी असेल तर बेरीज = ० लूपच्या वर लिहा, आत लिहिलं तर दर फेरीला परत शून्य होते आणि मग पोरं कॉम्प्युटरला शिव्या देतात.