आधी रीफच्या बंदच्या तारखा, मग विमानाचं तिकीट

मुलाची शाळा सुटली की मेअखेरीस थायलंडला सिमिलान बेटांजवळच्या रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकांवर, डायव्हिंग करायचं, असं ठरवून मी एकदा तिकिटं काढून मोकळी झाले. बोटवाल्याला नंतर विचारलं. एका ओळीत उत्तर आलं: पार्क १५ ऑक्टोबरला उघडेल. तिकिटांचे पैसे बुडाले.

तर आधी तारखा. अंदमान समुद्रातली सिमिलान आणि सुरीन ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं दरवर्षी साधारण १६ मे ते १४ ऑक्टोबर बंद असतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाहीत, तसंच. समुद्र खवळलेला असतो आणि तेवढ्यात प्रवाळांनाही उसंत मिळते. म्हणजे उन्हाळी सुट्टीत जायचं तर १५ मेच्या आत परत फिरा, नाहीतर सरळ दिवाळी धरा. मी दिवाळीच सांगेन. फराळाचा डबा बोटीवर चालतो, चकल्या सादळतात एवढंच.

रजा जून ते ऑगस्टमध्येच मिळत असेल तर किनारा बदला. को ताओ हे बेट पूर्वेकडे, थायलंडच्या आखातात आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यामुळे चुंफोन पिनॅकल, सेल रॉक या डायव्हिंगच्या साइट जून ते ऑगस्टमध्ये करता येतात. पश्चिमेकडच्या फी फी बेटांवरची माया बे ही खाडी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यादीत घेऊ नका. २०१८च्या जूनपासून साडेतीन वर्षं ती बंदच होती, आता दरवर्षी हे दोन महिने बंद ठेवतात.

अवचित येणाऱ्या बंदीची तारीख कुठे छापलेली नसते. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०१०मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं आणि जानेवारी २०११मध्ये थायलंडने १८ डायव्ह साइट बंद केल्या. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. पाणी वेळेत निवलं तर रंग परततो, पण तोवर ते जवळजवळ उपाशी असतं. बंदीने पाणी थंड होत नाही, हे मलाही कळतं. पण उपाशी जिवाला वर आमच्या फिन्सच्या, म्हणजे पायातल्या रबरी वल्ह्यांच्या, लाथा कशाला? एप्रिल-मेचं बुकिंग करताना एवढंच लेखी घ्या: साइट बंद झाली तर दुसरी देणार की पैसे परत?

रीफ उघडल्यावर आपण कसे उतरतो, तेही बघा. एकदा इवल्याशा समुद्री गोगलगायीचा फोटो काढताना माझ्या फिनने वाळू उडाली आणि शेजारच्या टेबलासारख्या प्रवाळावर बसली. थोड्या वेळाने त्यावर चिकट, राखाडी तार सुटलेली दिसली. वाळू झटकायला ते शेंबूड काढत होतं! गाइडने टाकीवर ठकठक करून मला वर बोलावलं. खाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं बांधतात, ते माझं दोन किलो जास्त होतं, म्हणून पाय खाली लोंबत होते. ट्रिपआधी वजन तपासून घ्या: टाकी जवळजवळ रिकामी, हवा भरायच्या जॅकेटमधली हवा काढलेली, पृष्ठभागावर उभं तरंगताना नेहमीएवढाच श्वास घेऊन क्षणभर रोखलेला, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत. त्याहून खाली गेलात तर शिसं कमी करा.

सनस्क्रीनच्या बाटलीवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट दिसलं तर ती घरीच ठेवा. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१पासून त्यांना बंदी आहे. मी तर लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहायचा घट्ट शर्टच घालते, तोंडाला काय ते झिंकचं क्रीम.